टर्बोराव

टर्बोरावांची गाडी जपानी आहे, हे आधी मान्य करावं आणि मगच त्यांच्याकडे चहाला बसावं. ती चेन्नईजवळ तिरुवळ्ळूरला तयार झाली, हे खरं आहे. ज्या हिंदुस्थान मोटर्सने उभ्या देशाला अँबॅसेडरमध्ये बसवून फिरवलं, त्याच कंपनीने मित्सुबिशीशी करार करून तिथे १९९८पासून लान्सर आणि २००६पासून सिडिया बांधली, हेही खरं. पण टर्बोरावांच्या घरात अँबॅसेडर हा शब्द उच्चारत नाहीत. चौथ्या मजल्यावरचे बँकवाले काका एकदा सहज "म्हणजे अँबॅसेडरची सावत्र बहीणच की हो" असं बोलून गेले, तर दिवाळीपर्यंत टर्बोराव त्यांच्याशी लिफ्टमध्ये "कितवा?" यापलीकडे बोलले नाहीत.

"चासी बघा, चासी!" हे त्यांचं पालुपद. सिडियाची चासी आणि लान्सर एव्होल्यूशन सात, आठ, नऊ यांची चासी एकाच घराण्यातली. एव्होल्यूशनच्या त्याआधीच्या पिढ्यांवर फिनलंडच्या टॉमी माकिनेनने १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षं जागतिक रॅलीचं अजिंक्यपद मारलं. म्हणजे नातं लावायचंच म्हटलं तर टर्बोरावांची सिडिया जगज्जेत्याच्या भावकीतली ठरते. आणि नातं लावण्यात कोल्हापूरच्या माणसाला कोण अडवणार? तिकडे आमदाराच्या साडूच्या मेहुण्याचा शेजारीसुद्धा "आपलाच माणूस" असतो.

टर्बोराव हे कुणा एकाचं नाव नव्हे. बेंगळुरूतल्या कुठल्याही मोठ्या अपार्टमेंटच्या तळघरात उतरा, खांबाआड कापडी झाकणाखाली एक बुटकी गाडी आणि तिच्याशेजारी उकिडवा बसलेला एक माणूस सापडतोच. कुठे तो तमिळ असतो, कुठे कूर्गचा, कुठे मल्याळी. आमच्या विजयनगरच्या अपार्टमेंटमध्ये तो कोल्हापूरचा निघाला, एवढाच काय तो योगायोग. शिक्षण इंजिनियरिंगचं, नोकरी सॉफ्टवेअरची, वय चाळिशीच्या अल्याड-पल्याड. टी-शर्टवर जपानी अक्षरं, आणि त्यांचा अर्थ विचारला तर "रेसिंगचंच कायतरी हाय." भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करणारा हा गृहस्थ, पण एका चाकाची किंमत विचारली की नजर वळवतो. चार चाकांची विचारली तर विषयच बदलतो.

हे वेड आलं कुठून, याचं उत्तर त्यांच्या वडिलांच्या मते एका शब्दात आहे: राजारामपुरी. २००१मध्ये 'द फास्ट अँड द फ्युरियस' हा सिनेमा आला आणि त्यातल्या नारिंगी सुप्राने कॉलेजातल्या पोरांची एक अख्खी पिढी बिघडवली. २००३मध्ये 'नीड फॉर स्पीड: अंडरग्राउंड' हा खेळ आला. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत तासाला ठरावीक रुपये भरून टर्बोरावांनी सेमिस्टरची फी स्कायलाइनच्या चाकांत घातली. पण मला विचाराल तर बी त्याही आधी पेरलेलं होतं. १९८५मध्ये भारतात यामाहाची आरएक्स १०० आली आणि कोल्हापूरने ती दत्तक घेतली. तिची पुंगळी बदलायची, आवाज कडक करायचा आणि रंकाळ्यावरून दोन फेऱ्या मारायच्या, हा संस्कार घेऊन जो पोरगा मोठा झाला, त्याला जपानी इंजिन आणि पुंगळी यांच्यात तिसरं कुणी आलेलं चालत नाही.

त्यात बेंगळुरूसारखं गाव मिळालं. वेगवान गाडी ठेवायला याहून वाईट शहर शोधून सापडायचं नाही. टॉमटॉम कंपनीच्या २०२२च्या मोजणीत इथे शहराच्या मध्यभागात दहा किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटं दहा सेकंद लागत, आणि यात बेंगळुरूचा जगात दुसरा नंबर होता. लंडनने पहिला पटकावला म्हणून इथे काही लोक हळहळले. अशा गावात टर्बोराव सुटल्यापासून शंभरचा वेग किती सेकंदांत गाठता येतो, यावर तासन् तास बोलतात. स्वतः ऑफिसला मेट्रोने जातात. २०२३मध्ये जांभळी लाइन व्हाइटफील्डपर्यंत पोहोचली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांनाच झाला. गाडी महिन्यातले बरेच दिवस गॅरेजात असल्यामुळे सार्वजनिक वाहतुकीचा एवढा निष्ठावान प्रवासी आमच्या इमारतीत दुसरा नाही.

आता कुणी विचारेल, एवढी हौस आहे तर खरीखुरी जपानी गाडी का नाही आणली? हा प्रश्न टर्बोरावांना विचारायचा असेल तर संध्याकाळ मोकळी ठेवावी. ते उजव्या हाताची बोटं मोडत सुरुवात करतात. परदेशात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टीअरिंग उजव्या बाजूला हवं, आणि ती आत येणार फक्त मुंबई बंदरातून. जकात अशी की एका गाडीच्या पैशात दोन जाव्यात. बरं, टर्बोरावांच्या मनात असलेल्या गाड्या कोणत्या? निसानची स्कायलाइन जीटी-आर, म्हणजे आर-३४, माझदाची आरएक्स-७, टोयोटाची ती जुनी सुप्रा. तिघींचंही उत्पादन एकाच वर्षी, २००२मध्ये, जपानच्या धुराच्या नियमांपायी बंद पडलं. त्या तीन वर्षांच्या आतल्या कशा असणार? तिकडे अमेरिकेत नेमका उलटा कायदा. पंचवीस वर्षं जुनी झाली की खुशाल आणा. "अमेरिकेला म्हातारी चालतीया," टर्बोराव उसासा टाकतात, "आणि आपल्याला तान्हीच पायजे."

नवी कोरी आणणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. २०१०च्या सुमाराला मित्सुबिशीने एव्होल्यूशन दहा भारतात आणली, तिची किंमत पन्नास लाखांच्या आसपास होती. डिसेंबर २०१६मध्ये निसानने जीटी-आर आणली, ती एक कोटी ९९ लाखांना, आणि तीही शोरूमच्या दारातली किंमत. दार ओलांडलं की कर्नाटक सरकार उभं असतं. इथला आजीवन कर देशातल्या सर्वांत चढ्या करांपैकी. म्हणून तर एके काळी बेंगळुरूच्या उंची गाड्यांवर पाँडिचेरीच्या नंबरप्लेट एवढ्या दिसत, की समुद्र कब्बन पार्कपर्यंत आला की काय असं वाटावं.

सप्टेंबर २०२५मध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आलेल्या जुन्या लँड क्रूझरांवर धाडी घातल्या. ती बातमी वाचून टर्बोरावांनी आपल्या गाडीवर दुसरं झाकण चढवलं आणि आठवडाभर ते तळघरात खाली मान घालून वावरले. गाडी तिरुवळ्ळूरची, कागद चोख, कर भरलेला, पासिंग कर्नाटकाचंच. तरीपण. इंपोर्टेड गाडीवाल्यांवर संकट आलं असताना आपण बाहेर राहायचं, हे त्यांच्या मनाला पटेना.

मग उरतो तो राजमार्ग, हाफकटचा. जपानमध्ये निकालात काढलेली गाडी मधोमध कापतात आणि तिचा पुढचा अर्धा भाग इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, डॅशबोर्डसकट विकतात. तो आणायचा आणि त्याचं काळीज काढून आपल्या इथल्या गाडीत बसवायचं. होंडा सिटीवाले अशी बी-सिरीजची इंजिनं शोधत असतात. ज्यांच्याकडे शेवरलेटचा बिल्ला लावून इथे विकली गेलेली सुबारू फॉरेस्टर आहे, ते तिच्या पोटात डब्ल्यूआरएक्सचं इंजिन घालून अब्जाधीश झाल्यासारखे हिंडतात. टर्बोरावांना हवं होतं एव्होचं, फोर-जी-सिक्स्टी-थ्री, टर्बोवालं. चेन्नईचं पुदुपेट्टै, दिल्लीचं मायापुरी, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, सगळीकडे माणसं पेरून झाली. शेवटी एका व्यापाऱ्याकडून हाफकट आला. त्याची वायर कुणीतरी घाईघाईत नको तिथे कापलेली होती आणि इंजिनाचा मेंदू, म्हणजे ईसीयू, आलाच नव्हता. व्यापारी म्हणाला, तो पुढच्या कंटेनरमध्ये आहे. कंटेनर बहुधा चालत येत असावा.

मात्र त्या हाफकटच्या डॅशबोर्डातल्या कप्प्यात एक ठेवा निघाला. टिश्यूचं अर्धं पाकीट आणि जपानी भाषेतली एक पावती. टर्बोराव त्या पावतीकडे बघत रात्रभर जागले. शुइची शिगेनोच्या 'इनिशियल डी' या मंगाची त्यांनी पारायणं केली आहेत. त्यातला टोफू पोचवणारा पोरगा टोयोटाच्या जुन्या एई-८६मधून घाटात भल्याभल्यांना मागे टाकतो. ही पावती तशाच कुणा घाटातल्या वीराची असणार, पेट्रोलची नाहीतर टायरची, याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यांची मावसबहीण टोकियोत निशी-कसाईला राहते. तिथे आपल्याकडचे इतके लोक आहेत, की २०१९मध्ये पुण्याकडचे योगेंद्र पुराणिक त्याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून गेले. तिला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: कांद्याची पात, दोन जुड्या. मांजराचं खाणं, मोठी पिशवी.

टर्बोराव थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "घाटात गाडी मारणाऱ्यानं मांजर पाळू न्हाय काय?" पावती फ्रेम करून आणली आहे. हॉलमध्ये लावायला वहिनींनी नकार दिला, म्हणून ती कपाटाच्या दाराला आतून आहे.

इंजिन घरी आहे. घरी म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, युटिलिटीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी. बेंगळुरूच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या मागे जी धुण्याभांड्यांची जागा असते, ती या कामाला फार सोयीची, असं टर्बोरावांचं मत, वहिनींचं वेगळं. सामानाच्या लिफ्टमधून ते वर नेताना चौघांनी धरलं होतं आणि वॉचमनला "सोफा आहे" असं सांगितलं होतं. त्यावर ताडपत्री आहे, ताडपत्रीवर टॉवेल वाळतात. गाडीत अजून तिरुवळ्ळूरचंच इंजिन धावतं. कारण नवं इंजिन बसवायचं म्हणजे आरटीओची परवानगी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यांना तोंडपाठ आहे आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही. कारखान्याने दिलेल्या तपशिलाला धक्का लागेल असा बदल चालणार नाही, असा त्याचा मथितार्थ. टर्बोराव यावर स्वतःच उलटतपासणी घेतात. "आरसी बुकात इंजिन किती सीसीचं? १९९९. आणि युटिलिटीतलं किती? १९९७. म्हंजे दोन सीसी कमीच झालं का न्हाई? सरकारचं नुकसान कुठं हाय?" एका टर्बोने घोडे दुप्पट होतात, हा तपशील या युक्तिवादात बसत नाही, म्हणून घेतलेला नाही.

खर्चाचं म्हणाल तर वहिनींना तो पूर्ण ठाऊक नाही, असं टर्बोरावांना वाटतं. टर्बोराव "जेडीएम" हा शब्द दिवसातून इतक्या वेळा उच्चारतात की त्यांच्या मुलीने तो शाळेतल्या निबंधात घातला होता. जपानच्या लोकांनी जपानच्या बाजारासाठी केलेला अस्सल माल, असा त्याचा आशय. वहिनी एवढंच म्हणाल्या, "जेडीएमऐवजी केडीएम घेतलं असतं, तर अडीनडीला मोडता तरी आलं असतं."

गॅरेज शिवाजीनगरला, रसेल मार्केटपासून फार लांब नाही. तिथल्या गल्ल्यांत जुने सुटे भाग मिळतात आणि जे. सी. रोडवर नवे, टर्बोरावांचे शनिवार या दोन तीर्थांत वाटलेले. गॅरेजचे मालक सगळ्यांचे उस्ताद. त्यांची भाषा दखनी, आणि त्यांच्या तोंडून मी आजवर "नाही होणार" हे शब्द ऐकलेले नाहीत. "होजाता साब, टेन्शन नक्को लेव. परसों आओ." नव्वदच्या दशकात बेंगळुरूत एक भुताळी बाई रात्री दारं ठोठावते अशी आवई उठली होती. लोकांनी दारांवर कानडीत "उद्या ये" असं लिहून ठेवलं. ती बिचारी रोज वाचायची आणि परत जायची. टर्बोराव त्याच श्रद्धेने शिवाजीनगरहून परत येतात. फरक इतकाच, की तिला दरवेळी आगाऊ रक्कम द्यावी लागत नव्हती.

पण उस्तादांच्या हाताखाली टर्बोराव शिकले मात्र खूप, आणि ते शिकलेलं बघायचं तर रविवारी सकाळी तळघरात जावं. जपानी गाडीचे बोल्ट दहा, बारा, चौदा, सतराचे. तेराचा निघाला तर समजायचं, युरोपच्या कुणीतरी हात मारलाय. जपानी स्क्रूच्या डोक्यावरची फुली दिसायला आपल्या फिलिप्ससारखीच, पण खाचेचा कोन किंचित निराळा. साधा पेचकस घालून जोर केला की डोकं झिजलंच म्हणून समजा. यासाठी त्यांनी जपानहून वेगळे पेचकस मागवले आहेत आणि ते मखमली डबीत असतात. मी त्यांना कार्ब्युरेटरवाल्या एका जुन्या गाडीचा असा अडलेला स्क्रू काढताना पाहिलंय. आधी तेलाचा एक थेंब, मग हलकी टिचकी, मग पेचकसावर सगळा भार देऊन जेमतेम चिंचोक्याएवढी फिरकी. स्क्रू सुटल्याचा जो बारीक 'टक्' आवाज झाला, त्यावर टर्बोरावांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते त्यांच्या कंपनीने बढती दिली त्या दिवशी दिसलं नव्हतं. त्या दिवशी मी पेढे खायला तिथेच होतो, म्हणून सांगतो. हा माणूस आठवडाभर असं काहीतरी तयार करतो की ते कुठे आहे हे त्याला बोटाने दाखवता येत नाही. रविवारी दहाची गोटी हातात असते. हातात असते म्हणजे, सापडली तर. दहाची गोटी जगातल्या सगळ्या गॅरेजांतून हरवते. त्यांनी सहा विकत घेतल्या, सध्या एकही नाही.

एकदा मागच्या सस्पेन्शनचा एक बुश कुठेच मिळेना. शिवाजीनगर झालं, जे. सी. रोड झाला, जपानचं सामान विकणारे सगळे झाले. मित्सुबिशीच्या शोरूमांनी तर केव्हाच गाशा गुंडाळलेला. शेवटी टर्बोरावांनी नमुना कोल्हापूरला वडिलांकडे धाडला. आबा एका फाउंड्रीत टर्नर होते, आता निवृत्त. त्यांनी तो उद्यमनगरात ओळखीच्या लेथवर नेला. तिथे माणसं नमुना हातात फिरवतात, कान खाजवतात आणि "चहा घ्या, तोवर हुतंय" म्हणतात. दोन दिवसांनी रात्रीच्या लक्झरी बसच्या ड्रायव्हरकडून जुन्या 'पुढारी'त गुंडाळलेला बुश आला, सोबत भडंगाची पुडी. तो आजतागायत टिकला आहे. टर्बोराव पाहुण्यांना गाडीचे भाग दाखवताना "हे स्प्रिंग टेनचे, जपान, हे स्टीअरिंग मोमोचं, इटली" असं करत येतात आणि त्या बुशापाशी आले की चालण्याचा वेग वाढवतात.

आबा वर्षातून एकदा बेंगळुरूला येतात. पहिल्याच भेटीत त्यांनी बॉनेटमध्ये डोकावून विचारलं होतं, "जपानचा माल हाय म्हंतोस, न्हवं? मग सारखा उघडाय कशाला लागतोय?"

याला उत्तर नाही, आणि त्यातली मेख वहिनींच्या पार्किंगमध्ये उभी आहे. वहिनींकडे वॅगन-आर आहे. १९९३मध्ये सुझुकीने ती काढली तीच मुळी जपानच्या घरगुती बाजारासाठी, तिथल्या अरुंद गल्ल्यांसाठी. म्हणजे या घरात अस्सल जपानी कुळातली गाडी कुठली, हे बाजाराच्या हिशेबाने उघड आहे. ती रोज मुलीला शाळेत सोडते, बनशंकरीला माहेरची माणसं आणायला जाते, पावसात अंडरपासमध्ये शिरून बाहेरही येते. तिचं बॉनेट सर्व्हिसिंगखेरीज उघडत नाही. टर्बोराव तिला "अप्लायन्स" म्हणतात.

रविवारी पहाटे पावणेपाचला मिरवणूक निघते. निघते म्हणजे आधी फळ्या येतात. गाडी एवढी खाली बसवलेली आहे की तळघराच्या चढावर पुढचा ओठ घासतो, म्हणून आसामचा वॉचमन दोन फळ्या घेऊन झोपेतून उठतो. एक फळी डाव्या चाकाखाली, एक उजव्या. "राइट, सर, राइट... थोडा लेफ्ट... स्टॉप!" हा आवाज ऐकून मी उठतो आणि घड्याळ न बघता दूध तापवायला ठेवतो. रस्त्यावर प्रत्येक गतिरोधक तिरका घ्यावा लागतो. मागचा रिक्षावाला कानडीत जे बोलतो त्याचा अनुवाद टर्बोरावांनी मला दिलेला नाही.

मुक्काम पोस्ट नंदी हिल्स, नाहीतर मैसूरचा हमरस्ता. तिथे बाकीचे टर्बोराव जमतात. जुन्या होंडा सिटीवाले येतात. १५०० सीसीतून १०६ घोडे काढणारं ते व्हीटेक इंजिन कसं ठरावीक फेऱ्यांनंतर आवाज बदलतं, हे तोंडाने करून दाखवतात. चाळिशीचे पुरुष पहाटे वर्तुळात उभे राहून तोंडाने इंजिनं वाजवतात आणि दूधवाले थांबून बघतात. मग एखाद्या रविवारी खरीखुरी एव्होल्यूशन दहा येते. सगळे गप्प. ती कुणा जमीनजुमल्याच्या धंद्यातल्या माणसाची असते, मनगटात जाड कडं, पायात चपला. टर्बोराव पुढे होऊन अदबीने विचारतात, "फोर-बी-इलेव्हनला ऑइल कुठलं घालता सार?" तो क्षणभर विचारात पडतो. "गोत्तिल्ला, गुरू. ड्रायव्हर हाक्ताने." म्हणजे ठाऊक नाही, ड्रायव्हर घालतो. जगज्जेत्याच्या कुळातल्या गाडीची सर्व्हिसिंग ड्रायव्हर करून आणतो! परतताना टर्बोराव सबंध रस्ताभर बोलत नाहीत. मग एकदम म्हणतात, "देव ज्याला दात देतो ना..." आणि चण्यांपर्यंत जात नाहीत, गिअर बदलायचा असतो.

वेगाचं काय, असं तुम्ही विचाराल. बेंगळुरू–मैसूर द्रुतगती मार्ग मार्च २०२३मध्ये खुला झाला. मर्यादा शंभरची, वर जागोजागी कॅमेरे. टर्बोराव ऐंशीने चालवतात. क्लच जपायचा असतो, टायर जपायचे असतात, शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरलेलं असतं ते पुरवायचं असतं. त्यांच्याइतका सावध चालक मी पाहिलेला नाही. 'इनिशियल डी'मधला पोरगा कपातलं पाणी न सांडता घाट उतरतो, म्हणून यांनी एकदा फिल्टर कॉफीचा स्टीलचा ग्लास कपहोल्डरमध्ये ठेवून नंदीचा घाट उतरायला घेतला. वळणांत थेंब हलला नाही. पायथ्याच्या पहिल्या गतिरोधकाला सगळी कॉफी बकेट सीटने प्यायली.

मैसूर रस्त्याला गेलं की बिडदीला थट्टे इडली खायला उतरायचं, हा नेम. तिथेच टोयोटा किर्लोस्करचा कारखाना. १८८८मध्ये बेळगावला सायकलींचं दुकान काढणाऱ्या लक्ष्मणरावांच्या घराण्यात चौथ्या पिढीला विक्रम किर्लोस्कर झाले, त्यांनी १९९७मध्ये टोयोटाशी भागीदारी केली आणि २०००च्या सुरुवातीला बिडदीहून क्वालिस बाहेर पडली. मराठी माणसाने अभिमान बाळगावा अशी गोष्ट. टर्बोरावांना मात्र ती जखम आहे. इडलीवर लोण्याचा गोळा पसरवत ते कारखान्याच्या दिशेला बघतात. "एवढा आपला माणूस जपान्याच्या मांडीला मांडी लावून बसलेला. एक शब्द टाकायचा. 'सुप्रा पण करू या' म्हणायचं. तर आणली काय? क्वालिस!" क्वालिसने अर्ध्या देशाला लग्नाला नेऊन आणलं, कॉल सेंटरची पोरं रात्री घरी पोचवली, हे मी बोलून बघितलं. "ते ठीक हाय," म्हणाले, "पर तिच्यात नाद न्हाई."

पंधरा वर्षं झाली तेव्हा गाडी फेरनोंदणीला न्यायची वेळ आली. आठवडाभर आधी घरात सोवळं सुरू झालं. रुंद चाकं उतरली, पलंगाखालची मूळची चाकं चढली. कडक पुंगळी निघाली, माळ्यावरची कंपनीची पुंगळी लागली. स्टीअरिंग बदललं, खिडक्यांच्या काळ्या कागदांना रजा मिळाली, मागचा पंख स्क्रू काढून वहिनींच्या साड्यांच्या कपाटावर गेला. गाडी इतकी सालस दिसू लागली की चौथ्या मजल्यावरचे काका "नवी घेतली वाटतं, छान आहे" म्हणाले. आरटीओत पाहणी होऊन पाच वर्षांचा शिक्का मिळाला. परत आल्यावर टर्बोरावांनी दोन दिवस गाडी तशीच चालवली आणि मला हळूच सांगितलं की अशी ती खरंच बरी चालते, गतिरोधकाला घासत नाही, बोलता येतं आतमध्ये. तिसऱ्या दिवशी फळ्या आल्या.

खंडेनवमीला आमचं तळघर बघण्यासारखं असतं. बेंगळुरूत आयुधपूजेला प्रत्येक गाडीला केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, आणि कुंकू भरलेला कोहळा फोडून रस्ते लाल. टर्बोरावांकडे पूजा दोन ठिकाणी. आधी युटिलिटीत, ताडपत्री बाजूला करून इंजिनाला हळदकुंकू, पाने-पेचकसांना झेंडू. वॉशिंग मशीनलाही वहिनी न विसरता बोट लावतात. मग खाली. चाकांखाली लिंबं ठेवली, आरती झाली, टर्बोराव किल्ली फिरवायला बसले. लिंबू चिरडल्याशिवाय पूजा पुरी होत नाही. किल्ली फिरली. गाडी बोलली नाही. टर्बो टायमर, दोन अँप्लिफायर, बूस्टचा काटा, डॅशखालचे निळे दिवे. या सगळ्यांनी मिळून बॅटरी खाल्ली होती. बूस्टचा काटा टर्बो नसलेल्या गाडीत काय करतो, हे मी अजून विचारलेलं नाही.

वहिनींनी काही न बोलता वॅगन-आर पुढे आणून लावली. केबल जोडल्या. सिडिया खाकरून सुरू झाली, लिंबं चिरडली, मुलीने टाळ्या वाजवल्या. टर्बोराव मात्र केबल काढायला वाकले ते वॅगन-आरच्या उघड्या बॉनेटमध्ये डोकं घालून तसेच राहिले. बराच वेळ. मग सरळ झाले तेव्हा त्यांची मुद्रा मला ओळखीची वाटली.

"अगं, ऐकलंस काय," ते म्हणाले, "हिची जपानात आरआर म्हणून एक टर्बोवाली यायची. ६६० सीसी, ६४ घोडे. तिचा हाफकट..."

वहिनींनी बॉनेट खाली केलं, दाबून लावलं, किल्ली काढली आणि पर्समध्ये टाकून चेन ओढली.

"आबांना फोन लावू?"

"नुसती पुंगळी गं," टर्बोराव म्हणाले. "इंजिनाला हात बी लावत न्हाई."